हा गंज नव्हे

सोजराबाई : म्हंजे तेलच की मग. डब्यात कोंडलंय म्हणून त्याला काय सायेब म्हणायचं?

दिपाली : तेल नाही, आत्या. गंज सोडवायचा फवारा हाय. आमच्या कंपनीत मेंटेनन्सवाले जाम झालेल्या बोल्टाला मारतेत. दहा मिनिटं दम धरायचा, की बोल्ट फिरलाच.

सोजराबाई : कंपनीतनं उचलून आणलास व्हय?

दिपाली : चाकणच्या हार्डवेअरवाल्याकडनं आणलाय. विकत.

सोजराबाई : रागावू नको, इचारलं आपलं. घर सोडून चार म्हैने झाले, आज दुसऱ्यांदा उंबरा चढलीस सासरचा. च्या तरी घे.

दिपाली : चहा नको. कपाटातला लॉकर उघडू द्या, माझा कागद घेते आन् निघते. दीड वाजता तळवड्याच्या चौकात कंपनीची बस येते. दुसरी शिफ्ट हाय माझी.

सोजराबाई : आत्ता कुठं साडेअकरा व्हत्यात. कपाट काय पळून चाललंय? तुझ्या बापानं लातुरासनं टेंपोत घालून आणलं, हितं टेकवलं, तवाधरनं तसूभर हललं न्हाई.

दिपाली : कपाट नाही पळत. नोकरी पळायलीय. उद्या सकाळी दहाला कागद तपासणार हायेत. आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट दावलं तर मशीनवर घेणार, कंपनीची माणूस म्हणून. नाही दावलं तर हायेच ठेकेदार आन् त्याच्या पेट्या उचलणं. झेरॉक्स चालत नाही म्हणलेत.

सोजराबाई : दुसरा काढून देत न्हाईत का?

दिपाली : देतेत की. दोन महिन्यानं. माझ्यामागं अकराजणी उभ्या हायेत, आत्या. दोन महिने कोण थांबतंय? सरा जरा.

सोजराबाई : थांब. कुलूप नाजूक आसतंय. त्या फवाऱ्याची आधी परीक्षा तर घेऊ. ही कातर बघ. दोन वर्सं झाली, तोंडच उघडत न्हाई.

दिपाली : आणा. ... हे बघा, नळी लावली की जिथं पायजे तिथंच पडतंय. बिजागरीत एक थेंब. आता उघडा, मिटा. उघडा, मिटा.

सोजराबाई : आगं बया! बोलाया लागली की.

दिपाली : फडक्यानं पुसून घ्या, न्हाईतर पहिल्याच कापडाला डाग पडंल. झालं? आता लॉकर.

सोजराबाई : आन् ही पातेली? माझ्या मोनिकानं नवी आणली, त्याचं लेबल काढलं तर डिंक तसाच ऱ्हायला. राख लावली, काथ्यानं घासली. हात लावला की चिकाट.

दिपाली : फडक्यावर घ्यायचं, भांड्यावर न्हाई. असं. बाहेरच्या अंगालाच हां, आत नाही मारायचं. मग साबणानं दोनदा धुवायचं.

सोजराबाई : आरशावानी झालं गं! मग माझ्या तव्याला पण—

दिपाली : तव्याला नाही. खायच्या भांड्याला आतनं लावलं तर भाकरीला रॉकेल ओतल्यावानी वास मारंल.

सोजराबाई : बरं झालं सांगितलंस. मी घातला आसता एक झारा. मोरीतला नळ बघतीस का? टँकरच्या पाण्यानं पार पांढरा पडलाय.

दिपाली : आत्या.

सोजराबाई : दोन मिन्टाचं काम. तुझ्या हाताला गुण हाय.

दिपाली : हाताला गुण हाय, हे सहा वर्षांत आज बोललात. ... चला, बघू नळ. पण ह्याच्यानंतर काही नाही.

सोजराबाई : काय न्हाई. फकस्त शेगडीमागच्या फरशीवर फोडणीचा थर बसलाय तेवढा—

दिपाली : शेगडी पेटलेली हाय का?

सोजराबाई : डाळ शिजतीया.

दिपाली : मग तिथं हा डबा उघडायचासुद्धा नाही. भडका उडंल. ते काम गॅस बंद करून, खिडकी उघडून तुमचं तुम्ही करा. नळाला मारलाय, पाच मिनिटं मुरू द्या, मग घासा. खाली फरशीवर सांडलं तर लगेच पुसा, पाय सटकतो. झालं सगळं सांगून. आता कपाटाकडं.

सोजराबाई : कपाटाच्या आरशाला—

दिपाली : हाव, आरशाला माझ्या टिकल्या हायेत. बघितल्या मी. सात हायेत. त्याचा डिंक पण निघतो. काढते.

सोजराबाई : त्यास्नी हात लावू नको.

दिपाली : घाण दिसायलीय.

सोजराबाई : दिसू दे. माझं घर हाय, माझा आरसा हाय.

दिपाली : आरसा माझ्या बापाचा हाय. ... बरं, ऱ्हाऊ द्या टिकल्या. पण एक सांगा, आत्या. मला कामून कामाला लावायलात? धनेशला फोन केलाय का?

सोजराबाई : न्हाई गं. त्यो माण गावाला गेलाय, प्लॉटवाल्यांची मीटिंग हाय. दिवस बुडल्याबिगर येत न्हाई.

दिपाली : आला तरी मला काय? त्याचं रविवारच्या रविवार फोनवर तेच चालू हाय. "नोकरी कर, पण शिफ्टची नको. आमच्या घरातली सून रात्री अकराला बसमधनं उतरत नाही." म्हणलं, मी उतरत नाही, मी कामावरनं येते. त्याला दोन्हीतला फरक कळंना.

सोजराबाई : घरात खोल्यांचं भाडं येतंय. कशाची कमी व्हती तुला?

दिपाली : कमी नव्हती. टर्नर झाले मी, आत्या. लेथवर लोखंड असं सोलून निघतं, गुंडाळी गुंडाळी पडतं खाली. ते हाताला आठवतं. भाकऱ्या थापताना आठवतं. तुम्हाला नाही कळायचं.

सोजराबाई : न्हाई कळत. आमच्या हाताला खुरपं आठवतंय, आन् खुरपायला रान न्हाई ऱ्हायलं. आमी कुठं बस धरायची?

दिपाली : ... सरा. मारते आता. नळी आत घालून दोनदा. आता दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही.

सोजराबाई : मागल्या म्हैन्यात आली व्हतीस तवाच बोल्ले ना, गंजलंय. पावसाळी हवा, लोखंड धरतंच.

दिपाली : म्हणून तर हा डबा आणला.

सोजराबाई : कपाटाला कुलूप, कुलपाला बाई चावी... सुनंच्या मनाची गं, सासूला कुठं घावावी.

दिपाली : आता गाणं कामून?

सोजराबाई : दहा मिन्टं जायाला पायजेत न्हवं.

दिपाली : गेली. बघू. ... चावी अर्ध्यातच अडकायलीय. फिरायचं सोडा, आतच जाईना.

सोजराबाई : बघ. मी सांगत व्हते. तुझा फवारा ढोंगी हाय. सोड नाद. आज ऱ्हा, जेव, धनेश आल्यावर सांगू त्याला, कुणीतरी माणूस आणंल चार दिसानं.

दिपाली : चार दिवसानं काय कागद धुवून पाणी पिऊ? थांबा, मोबाइलचा टॉर्च लावते. ... आत्या, हिकडं या.

सोजराबाई : डाळ बघून येते.

दिपाली : डाळ ऱ्हाऊ द्या. बघा हिथं. गंज कसा असतो? लाल. भुगा होतो त्याचा. फवारा मारला की तांबडं पाणी येतं. एक थेंब आला का तांबडा? हे पांढरं हाय. काचेवानी. टोकरलं की कडक लागतंय. हा गंज नाही.

सोजराबाई : चुना आसंल.

दिपाली : कुलपाला चुना कोण खाऊ घालतंय? हे चिकटवायचं औषध हाय. एका थेंबात बोटाला बोट चिकटतं ते. कुणीतरी भोकात ओतलंय. ... मोनिका! ए मोनिका! तुझ्याकडं नेलपेंट काढायचं पाणी हाय का?

सोजराबाई : तिला कशाला हाका मारतीस? तिचं वरच्या मजल्यावर ऑफिस चालू आसतंय. नणंद म्हणून कधी त्रास दिला न्हाई तुला तिनं.

(मोनिका कानात हेडफोन अडकवलेली, जिन्यावरून खाली येते.)

मोनिका : वहिनी! कधी आलीस? मला सांगायचं ना! दोन मिनिटं आहेत फक्त, पुढचा कॉल आहे माझा. हे घे रिमूव्हर. नखं कशाला रंगवतेस कंपनीत?

दिपाली : नखं नाही. कुलूप. ह्यात कुणीतरी चिकटं ओतलंय.

मोनिका : चिकटं? ती छोटी ट्यूब असते तसलं? ... अगं, म्हणजे माझी? मी सँडलचा बंद चिकटवायला आणली होती. तुझं भांडण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी बघते तर रिकामी. आईला विचारलं तर म्हणाली, वाळून गेली. सील पण फोडलं नव्हतं मी, अशी कशी वाळेल? ... आई?

सोजराबाई : तुझा कॉल हाय ना? जा वर.

मोनिका : आई, तू?

सोजराबाई : जा म्हणते ना.

मोनिका : जाते. पण ऐक आई, वहिनीची बस दीडला असते, मला माहितीय. ती चुकली ना, तर मीच तिला गाडीवर चाकणला सोडणार. मग माझ्या ऑफिसला तू उत्तर दे.

दिपाली : गेली ती. आता बोला.

सोजराबाई : काय बोलू?

दिपाली : गंजलंय म्हणलात. पावसाळी हवा म्हणलात. मी माघारी गेले, त्या महिन्यात परत पेट्या उचलल्या. बारा-बारा किलोच्या, शिफ्टला तीनशे. हे मनगट बघा, पट्टी बांधल्याबिगर घागर उचलत नाही. ते सगळं ह्या एका थेंबापायी?

सोजराबाई : तू बॅग घिऊन ग्येलीस. रागात व्हतीस, कपाट उघडायचं इसरलीस. मला ठावं व्हतं, दोन दिसानं कागुद न्यायला येणार. मी बसले हितं, कपाटाम्होरं. वाटलं, कागुद हातात ग्येला की ही कायमची ग्येली. न्हाई गावला तर फिरंल चार दिवस, दमंल, आन् यील माघारी. बिनकागदाची बाई कुठं जाती?

दिपाली : मी गेले की. बिनकागदाची.

सोजराबाई : व्हय. तेच चुकलं माझं.

दिपाली : तेवढंच चुकलं?

सोजराबाई : ... न्हाई. समदंच चुकलं. मला सांगता येत न्हाई तुझ्यावानी. घर खायला उठत व्हतं. मोनिका वर, धनेश भाईर. बोलायचं कुणासंगं, कपाटासंगं?

दिपाली : रडू नका, आत्या. आत्ता नाही. मला बी रडायला नका लावू, मला वेळ नाही. मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही, ते बघू पुढं. आत्ता डाळीखालचा गॅस बंद करा. हे पाणीसुद्धा पेट घेतं. खिडकी उघडा. आन् गोधडीची सुई द्या, जाड.

सोजराबाई : कपाटाचा रंग जाईल त्यानं.

दिपाली : जाऊ द्या. बापाला सांगीन, कागदापायी गेला.

सोजराबाई : ही सुई. आण, मी टोकरते. तुझं मनगाट दुखतंय.

दिपाली : तुम्हाला दिसायचं नाही.

सोजराबाई : तू बत्ती धर. घातलं म्या, तर काढीन बी मीच. ... निघतंय गं. पापुद्रा निघतोय. लिंबाच्या डिंकावानी.

दिपाली : जोर नका लावू. थांबा, परत दोन थेंब सोडते. आता मुरू द्या. आता टोकरा. वरच्या अंगाला. हां.

सोजराबाई : किती वाजलं?

दिपाली : एक वाजून पाच.

सोजराबाई : चौक किती लांब हाय?

दिपाली : भरभर चाललं तर बारा मिनिटं.

सोजराबाई : घाल चावी. न्हाई जात? काढ. अजून हाय आत कायतरी. दे हिकडं. आसं कसं न्हाई निघत, माझ्या हातचं हाय ते.

दिपाली : आता तो फवारा मारते, भुगा भाईर येईल. ... चावी गेली. पूर्ण गेली, आत्या.

सोजराबाई : फिरव.

दिपाली : फिरंना. ... थांबा. दाबून. ... फिरली!

सोजराबाई : उघड, उघड. त्ये पिवळं पाकीट न्हवं?

दिपाली : तेच. पण माझे हात बघा, कोपरापर्यंत तेलकट. हात लावला तर डाग पडंल. उद्या सायबानं डागाचा कागद नाही घेतला तर? तुम्ही काढा. पदराला हात पुसा, आधी साबणानं धुवा.

सोजराबाई : धुतले. कोरडे केले. हे बघ.

दिपाली : काढा. पाकिटातनं भाईर काढून बघा, वाळवी-बिळवी नाही ना लागली.

सोजराबाई : न्हाई. कोरा करकरीत हाय.

दिपाली : द्या मग. ... आत्या, सोडा की.

सोजराबाई : थांब. आधी वाच. मला वाचता येत न्हाई. मी धरते, तू वाच.

दिपाली : बस येईल.

सोजराबाई : वाच.

दिपाली : दिपाली ज्योतीराम शिंगाडे. व्यवसाय, टर्नर. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. उत्तीर्ण. पहिली श्रेणी. खाली सही, शिक्का.

सोजराबाई : म्होरं?

दिपाली : पुढं काही नाही.

सोजराबाई : एवढंच?

दिपाली : एवढंच.

सोजराबाई : आन् मी ह्याला भ्याले.

दिपाली : आत्या, एक पंधरा झाले.

सोजराबाई : पिशवीचं तोंड उघड. मी ठेवते आत.