डेअरीच्या बटणाचं उद्घाटन

मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं, तेव्हापासून गावातला प्रत्येक म्हातारा "काहीतरी करून दाखव" म्हणतो. दाखवलं, तर काय झालं ऐका.

पाथरीकडच्या आमच्या गावात दूध डेअरीचे चेअरमन म्हणजे माझे चुलते. ते म्हणाले, "दुधाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर करून दे, नोकरी तुझी."

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्क्रीनवर बटणं, रकाने माउसने ओढून मांडायचं एक टूल असतं. डेअरीच्या कॉम्प्युटरवरचा जावा जुना, टूलला पाहिजे नवा. ते बसवण्यातच दिवस गेला. शेवटी डिझाइनचं पान उघडलं, आणि चालतंय का बघायला मी एक बटण ओढून ठेवलं. मागं काका उभे.

"झालं की रे!"

"काका, हे नुसतं चित्र हाय. दाबलं तर काईच होत न्हाई. कोड लिहायचाय अजून."

"लोकायला कुठं कोड दिसायलाय? उद्या उद्घाटन ठेवू."

दुसऱ्या दिवशी मॉनिटरला हार घातला, नारळ फोडला. माउस धरता येत नसल्यामुळं काकांनी थेट काचेवर बोट दाबलं. काहीच झालं नाही. टाळ्या जोरात पडल्या.

फोटो बघून काका भडकले. "बोटाखाली बटणच दिसंना! मोठं कर, परत उद्घाटन करू."

त्या टूलमध्ये तेवढं एक काम झटक्यात होतं. कोपरा धरून मी बटण ताटाएवढं केलं. परत नारळ फुटला, फोटो झकास आला, मला नोकरी लागली.

मग कोड लिहायला बसलो, तर काका म्हणाले, "आता कशाला हात लावतो? चांगलं चालायलंय की."