पाटाचं पाणी

दिवाकर : पाणी कोणी सोडलं ते मला कळलंय, बाबा. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय.

आत्माराम : आधी दोन घोट पाणी पी. घसा सुकलाय तुझा.

दिवाकर : अख्खं मैदान पाण्यात घातलंय आणि वर मला पाणी पाजताय! हाफटाइमपर्यंतच दोन गोल खाल्लेत आम्ही. मी गोलात उभा, बूट चिखलात रुतलेले. बॉल अंगावर येतोय नि पाय उचलत नाही माझा!

आत्माराम : बरं बाबा, सोडलं मी. काल केळीला पाणी लावलं होतं, तोच पाट वळवला इकडे. रात्रभर पंप चालू ठेवला.

दिवाकर : का? नांगरायच्या आधी जमीन भिजवतात, हे आपल्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सामना संपेपर्यंतही दम धरवला नाही तुम्हाला?

आत्माराम : जीभ आवर, दिवा! आचोळे गावाच्या संघाकडून हरून आलात तेव्हा श्रीपतदादाशी कोण भांडलं? तो म्हणत होता, जमीन दोघा भावांची, पोरं नुसती लाथा मारतात, लाव तिथे केळी. मी म्हटलं, पोरं लीगच्या पहिल्या विभागात आहेत तोवर मैदानाला हात लावायचा नाही.

दिवाकर : आणि खाली उतरली तर?

आत्माराम : तर होळी झाली की नांगर. शब्द दिलाय मी दादाला.

दिवाकर : म्हणजे आज हरलो की मैदान गेलं! नुसती बरोबरी पुरली असती हो आम्हाला. सबंध सीझन रडतखडत काढला. दिवाळीनंतर पहिलाच सामना हरलो, सिप्रियनचा गुडघा गेला, वालीववाल्यांना हरवून कसेबसे इथवर आलो. आणि शेवटच्या दिवशी माझ्या बापानेच पाय ओढला!

आत्माराम : अरे, पाय नाही रे ओढला! हात द्यायला गेलो. त्या बर्नार्डनेच डोक्यात घातलं माझ्या.

दिवाकर : बर्नार्डने? तो काल माझ्याबरोबर बॉल मारत होता!

आत्माराम : काल नाही, मागे. तो कामाला होता ती बोट दुरुस्तीला अडकली होती ना रिगाच्या बंदरात, लॅटव्हियात? तिथल्या वरच्या लीगचा सबंध सीझन बघितला म्हणे त्याने. एक क्लब पार तळाला गेलेला. शेवटचा सामना, बर्फ वितळून मैदान गच्च ओलं. तळाच्यांच्या बुटांना चांगले खिळे होते. समोरचे धडाधड घसरले नि क्लब वाचला! आता त्याने तुम्हाला बूट कुठून आणले? तिथूनच ना? आणि समोरचे हे जूचंद्रवाले सगळे अनवाणी. म्हटलं, घसरतील लेकाचे.

दिवाकर : घसरतील? जूचंद्रवाले? अहो बाबा...

काशीराम : काका, घोटभर पानी मिळंल का? आमची कळशी पोरांनी सांडली.

आत्माराम : घे की. जूचंद्रचा कॅप्टन ना तू?

काशीराम : व्हय, काशीराम. मैदान झ्याक केलंय हां आज! गेल्या साली तुमच्या या कडक जमिनीवर आमच्या पोरांच्या टाचा फुटल्या होत्या. आज कसं, भाताच्या आवनीला, रोपं लावाया खाचरात उतरल्यावानी वाटतंय. येतो, काका.

दिवाकर : ऐकलंत? जन्म गेलाय त्यांचा भाताच्या चिखलात! आणि आमची पोरं पानवेलीच्या वाडीत पाटाच्या कडेने चालणारी. त्यात हे बूट, एकेक पाय मणाचा झालाय!

आत्माराम : मग काढा ना बूट! सगळ्यांना सांग. बर्नार्डलाही सांग. जा, शिट्टी झाली! दिवा, जा रे बाळा!

(दुसरा हाफ खेळून झाला आहे. मैदानावर पोरं बसली आहेत, बूट कडेला पडले आहेत.)

काशीराम : हात दे, दिवाकर. शेवटी घाम फोडलात आमचा. बर्नार्डचा तो गोल, वा रे वा! अजून एक घातला असतात तर बरोबरी होती.

दिवाकर : एकच हवा होता.

काशीराम : तोंड नको पाडू असं. पुढल्या साली वर या, हितंच बघू एकमेकांना.

दिवाकर : इथे नाही, काशीराम. इथे केळी लागणार. आज खाली उतरलो, मैदान गेलं.

काशीराम : काय सांगतोस! आदी बोलायचं नाय का रे?

दिवाकर : बोललो असतो तर हरला असतास?

काशीराम : नाय. खोटं कशाला बोलू? पन गोल मारून नाचलो नसतो.

आत्माराम : दिवा, श्रीपतदादा येतोय बघ बांधावरून. पाया पडतो त्याच्या. एक साल मागून घेतो.

दिवाकर : नका. शब्द तुम्ही दिलात, तुम्हीच फिरवलात तर उद्या गावात मान वर करता येणार नाही तुम्हाला. पोरांना मी सांगतो.

आत्माराम : मी तुमच्यासाठीच केलं रे. तुझ्या गळ्याची शपथ. एवढं तरी खरं मान.

दिवाकर : मानतो ना, बाबा. वाईट चिंतून केलं असतंत, तर भांडलो तरी असतो. आता कुणाशी भांडू?