वीसपैकी एकोणीस

शहागंजच्या थांब्यावर वाळूजच्या बसची वाट बघत मंजुषाबाई मोबाईलवर आपल्या वर्गाचे तोंडी परीक्षेचे गुण भरत होत्या. याला अठरा, त्यालाही अठरा, काम कसं भराभर उरकत होतं. मागं एक बाई आणि तिचा दीर उभे होते. दहावीचा निकाल आजच लागला होता.

"भावजी, सईचा निकाल पुन्हा उघडा बरं."

"कितींदा उघडू, वहिनी? पास झाली ना पोर."

"विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला किती म्हनले?"

"वीसपैकी एकोणीस. पेढे वाटा आता!"

"त्या दिशी सई शाळेत गेलीच नव्हती. वस्तीत टँकर आला व्हता, माझ्यासंगं हंडे घेऊन उभी व्हती."

"मग बिघडलं काय? मिळालं तर घ्यायचं आन् गप बसायचं."

"आन् लेखीला?"

"ऐंशीपैकी अठ्ठावीस."

"पोर तर म्हनते, सगळा पेपर लिवला. सकाळपासून रडायलीय."

"कम्प्युटर कशाला खोटं बोलंल, वहिनी?"

"त्याला काय कळतंय? भरनारा मानूसच ना? एकानं न बघता एकोनीस भरले, मग दुसऱ्यानं अठ्ठावीस बघूनच भरले कशावरून?"

"लई संशयी बाई तुम्ही!"

"व्हय, हाय. ओ ताई, तुमी शिकलेल्या दिसता. तुमीच सांगा, असं न बघता भरत्यात का कुनी?"

मंजुषाबाईंनी मोबाईल पालथा धरला.

"बस आली वाटतं," त्या म्हणाल्या.

रस्ता रिकामाच होता.