नाव एकदाच लिहिलं होतं

...आणि तेव्हापासून तेच सांगतेय, एकदाच लिहिलं होतं हो मी, एकदाच, पण ऐकतं कोण? तुम्हाला सांगते, मेहरूणच्या त्या कॉम्प्युटर क्लासची सी भाषेची प्रॅक्टिकल, पास झाले तर सोमवारपासून तिथेच शिकवायला लागायचं, आणि नापास झाले तर आमच्या दोंडाईच्याच्या सासूबाईंनी आधीच बजावलेलं, 'आते बठ्ठं बंद कर, पोरगीले संभाळ,' म्हणजे आता सगळंच बंद. अडीच वर्षांची मनू त्यांच्या मांडीवर टाकून आलेली मी, दूध तापवलं की नाही तेही आठवेना, आणि त्यात हा प्रोग्रॅम...

काय, तर आधी स्वतःचं नाव छापायचं, मग फोर्क म्हणायचं. फोर्क म्हटलं की चालत्या प्रोग्रॅमची हुबेहूब नक्कल होते, मूळचा प्रोग्रॅम ती आई, नक्कल ते लेकरू. लेकरानं 'मी लेकरू' छापायचं आणि आईनं, त्याचं उरकेपर्यंत थांबून (आईच थांबणार, दुसरं कोण?), 'मी आई'. पडद्यावर नाव एकदा, लेकरू एकदा, आई एकदा. तीनदा चालवून बघितलं, कारण माझा माझ्यावर कुठे विश्वास आहे?

तर धुळ्याहून आलेले परीक्षक, अभिमन सर, म्हणतात, 'ताई, आउटपुट फाइलीत वळवा, कागदावर छापून आणा.' आणलं. नाव दोनदा. सर चष्म्यावरून बघत, 'कुंदा भाईदास पाटील, कुंदा भाईदास पाटील. परीक्षेला दोघी बसल्या आहात का?' एकदाच लिहिलंय सर, म्हटलं. 'मग कागद काय स्वतःच्या मनानं लिहितो?' पुन्हा पडदा, एकदा. पुन्हा कागद, दोनदा. मला तर वाटायला लागलं, खरंच दोनदा लिहिलं असेल, माझं काय सांगावं...

शेवटी त्यांनाच दया आली. 'अहो ताई, पडद्यावर ओळ संपली की मशीन लगेच बोलून टाकतं. फाइलीत जाताना बोलत नाही, बफरमध्ये साठवतं, शेवटी एकदम ओततं. तुम्ही फोर्क केलं तेव्हा नाव आईच्या पोटातच होतं, ते तसंच लेकरात उतरलं, आणि जाताना दोघांनी ओतलं. लेकरू व्हायच्या आधी आईनं बोलून मोकळं व्हायचं. एफ-फ्लश लिहा.' एक ओळ हो. लिहिली, कागदावर नाव एकदा, मी पास.

घरी येऊन पास झाल्याचं सांगितलं, तर सासूबाई सुरू, उशीर काय, दूध नासलं काय, कॉम्प्युटर काय भाकरी थापतो काय. मी नासलेलं दूध मोरीत ओतलं. लग्नाला पाच वर्षं झाली, एक वाक्य आहे माझ्या पोटात, ते मी स्वयंपाकघरातल्या भिंतीलासुद्धा कधी ऐकवलेलं नाही. आणि मनू, मांडीवरून, बोट नाचवत, 'आजी, पुरे झालं तुमचं.'

'हाई तुले कोनी शिकाडं?' सासूबाई विचारतात मनूला, बघतात माझ्याकडे. मग तिला उचलून माझ्या कडेवर दिलं, 'सोमवारले संगे लई जाय.' म्हणजे क्लासला जा, हिलाही सोबत ने.

तेच वाक्य, एकदासुद्धा बोलले नव्हते हो मी... एफ-फ्लश कळलं, पण अडीच वर्षं उशिरा.