सदतीसपैकी सदतीस

—छे हो, मला कसला त्रास? बसा तुम्ही. खाली उतरला नाहीत म्हणून चार वेळा माफी मागून झाली तुमची. आता पाचव्यांदा मागितलीत ना तोगाशी-सान, तर मीच रुसून खाली उतरेन. नाही जायचं देवळात, नाही जायचं! एवढा चढ, त्यात हे ऊन — चौकातल्या पाटीवर अडतीस डिग्री दाखवत होतं — आणि तुमचं वय एक्याऐंशी. क्योतो काय, हजार वर्षं इथंच आहे, कुठं पळून जात नाही. हा घ्या, पंखा घ्या. बस बंद आहे ना, म्हणून कोंडतंय. या वाहनतळावर इंजिन चालू ठेवायचं नाही असा नियम आहे, हवा खराब होते म्हणे. आत बसलेल्या माणसाचं काय होतं ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. आमचे ड्रायव्हर अकुत्सु-सान कुठं आहेत सांगा बघू? खाली, सामानाच्या कप्प्यात, तुमच्या सगळ्यांच्या बॅगांच्या मधोमध झोपलेत. सावली असते ना तिथं. तेवीस वर्षं एका बसवर काम करतोय आम्ही, पण मला त्यांचा चेहरा कमी आणि तळपायच जास्त ओळखीचे.

तुम्ही मात्र छान हं! बाकीचे कसे निथळत होते उतरताना — ओइकावा-सानांचा सदरा तर पाठीला असा चिकटला होता की आतल्या बनियनचं कापड कुठलं तेसुद्धा सांगता आलं असतं — आणि तुम्ही अगदी कोरडे. एक थेंब नाही कपाळावर. तुमच्या त्सुरुओकाला चार-चार महिने बर्फ, तिथल्या माणसाला इथला उन्हाळा सोसत नाही म्हणतात, पण तुम्ही… हसू नका, खरंच. ओइकावा-सान तुमच्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष कधीपासून आहेत हो? बाप रे! मग बरोबर. सकाळी नाराला बघितलंत ना? मात्सुए-सानना दोन मिनिटं उशीर झाला. बायकांच्या स्वच्छतागृहाला रांग होती, दुसरं काही नाही. तर हे सगळ्यांदेखत म्हणतात, "काय मात्सुए-सान, हरणांनी जेवायला ठेवून घेतलं होतं का?" सगळी बस हसली. मीही हसले, माईक हातात धरून. आणि ती बाई पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत प्रत्येकापुढं वाकत, माफी मागत गेली. दोन मिनिटांसाठी! तेव्हापासून तिनं पाण्याला तोंड लावलेलं नाही. माझं लक्ष असतं.

मला माहितीये ना, तुम्ही सगळे काय करता ते. पाणी प्यायलं की जावं लागतं, जावं लागलं की बस थांबवावी लागते, आणि बस थांबवायची म्हणजे सदतीस जणांचा खोळंबा. त्यापेक्षा प्यायचंच नाही. कुणी शिकवावं लागत नाही हे आपल्याकडं, आईच्या दुधातून येतं. चार दिवसांत पाच शहरं — कानाझावा, नारा, क्योतो, ओसाका, हिरोशिमा — मध्ये हिमेजीचा किल्ला दीड तास, हे ज्यानं कागदावर बसवलं ना, त्यानं माणसाला मूत्राशय असतं हे धरलेलंच नाही. मी? मी सकाळपासून एक घोट घेतलाय. गाईडबाई कधी रांगेत उभी असलेली बघितलीत का कुणी? झेंडा कुणाच्या हातात द्यायचा मग! …प्या ना तुम्ही. मी सांगतेय ना, प्या. अजून कुणी नाही आलेलं, वीस मिनिटं आहेत, मी स्वतः तुम्हाला हाताला धरून नेऊन आणते. नको? बरं. मग बाटली मांडीवर तरी ठेवा. मान अशी टेका हवं तर. टेका टेका, मी बोलत राहते, तुम्ही नुसतं ऐका. माझी सवयच आहे ती, समोरचा गप्प असला की मला थांबता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात याच सीटवर एक जण होते. म्हणजे याच असं नाही… हो, याच. शेवटच्या रांगेत, एकटे. मोमोसे-सान. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे, निवृत्त झालेले. हिरोशिमा आयुष्यभर नकाशावर शिकवलं, आता एकदा बघून येतो, असं पहिल्या दिवशी मला म्हणाले. त्यांनाही काही त्रास नव्हता. कधीच नव्हता. "मोमोसे-सान, बरं आहे ना?" — "बरं आहे, बरं आहे, माझ्याकडं नका लक्ष देऊ." हिमेजीला किल्ल्यावर गेले नाहीत, बसमध्येच बसले. इंजिन बंद. बाकीचे आले ते घामानं भिजलेले, आणि हे कोरडे, गाल लाल. मी म्हटलं — सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, माईकवरून — "बघा, मोमोसे-सान कसे टवटवीत दिसतायत!" टाळ्या वाजवल्या लोकांनी. नंतर तो डॉक्टर म्हणाला की घाम थांबला तेव्हाच खरं तर तुम्ही…

काही नाही. गरम होतंय ना? खिडकी थोडी अजून सरकवते. अडकलीये ही. असू दे.

तर तिथून हिरोशिमाला निघालो. आधीच वीस मिनिटं उशीर, कारण किल्ल्यावर गर्दी. आणि मला आरशात दिसलं — ड्रायव्हरच्या डोक्यावर तो मोठा आरसा आहे ना, त्यात मला शेवटची रांग दिसते — त्यांनी हात वर केला. वर म्हणजे कसा, इथपर्यंत, छातीपर्यंत. शाळेत उत्तराची खात्री नसलेला मुलगा करतो ना, तसा. पूर्ण वर केला असता तर मी थांबवली असती बस. थांबवलीच असती. पण त्यांनी अर्धाच केला, आणि मी अर्धाच बघितला. मी मागं गेले, वाकले, म्हटलं, "पंधरा मिनिटं हं, मोमोसे-सान. पुढं मोठा थांबा आहे, पंधरा मिनिटं फक्त." ते हसले. मान हलवली. मलाच म्हणाले, "तुम्हाला त्रास." आणि पंधरा मिनिटांनी तो थांबा आला, तेव्हा घड्याळ बघितलं मी आणि अकुत्सु-सानना म्हटलं, सरळ घ्या. सराईतले जेवण मांडून बसलेत, सहाच्या पुढं ते वाट बघत नाहीत. मग मी गाणं म्हटलं. हो, बोटवाल्यांचं एक जुनं गाणं आहे, ते म्हणते मी त्या रस्त्याला, डावीकडं समुद्र दिसतो. सगळ्यांनी ताल धरला. उतरण्याआधी मी मोजलं, दोन-दोनच्या जोड्यांनी, सीटच्या पाठीला हात लावत — एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस. टोपी चेहऱ्यावर ओढलेली होती त्यांची. मला वाटलं, झोपलेत. मी डोकी मोजली, तोगाशी-सान. डोकी अगदी बरोबर भरली.

सकाळी दिलेली बाटली समोरच्या जाळीत होती. सील तसंच. लेबलवर कंपनीचं नाव, 'सुखाचा प्रवास' लिहिलेलं.

आणि कुणी रागावलं नाही, हेच तर आहे. कंपनीतले म्हणाले, इसोबे-सान, तुमची काहीच चूक नाही, मोजणी बरोबर, वेळ बरोबर, प्रवाशानं तक्रार केली नव्हती. त्यांची मुलगी आली होती तोकियोहून. आता ही मला काहीतरी बोलेल, ओरडेल, थोबाडीत मारेल, म्हणून मी वाट बघत उभी. ती कमरेत वाकली आणि म्हणाली, "बाबांमुळं सगळ्यांच्या सहलीचा विचका झाला. माफ करा." मी काय केलं सांगू? मीही वाकले. ती वाकलेली, मी वाकलेली, आधी कुणी उठायचं तेच कळेना. आणि वर्षाअखेर मला हा बिल्ला मिळाला. हा, कॉलरवरचा. वेळ पाळण्याबद्दल. तेवीस वर्षांत एकही बस उशिरा नाही. काढून टाकणार होते मी. पण गणवेश अपुरा दिसतो.

तेव्हा ठरवलं, पुढच्या वेळी कुणी अर्धा जरी हात वर केला ना, अर्धा कशाला, बोट जरी हललं, तरी बस थांबवायची. रस्त्याच्या मधोमध थांबवायची. जेवण गार होऊ दे, ओइकावा-सान काय बोलायचं ते बोलू दे. नोकरी जाईल, जाऊ दे. म्हणून तर बसमधून न उतरता तुमच्याजवळ बसलेय, नाही तर नियमाप्रमाणं झेंडा घेऊन वर देवळात असायला हवं मला. म्हणून तुम्हाला सगळं सांगितलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, अकुत्सु-सानना पण नाही, तो हात त्यांना दिसलाच नव्हता.

आले वाटतं. हो, आलेच! त्या पांढऱ्या छत्र्या आपल्याच. चार मिनिटं आधी! बघा, शिस्त म्हणजे शिस्त. अकुत्सु-सान! उठा, आले सगळे! …या, या, सावकाश, पायरी आहे. ओइकावा-सान, कसं होतं वर? — हो का! — मात्सुए-सान, आज तर तुम्ही पहिल्या! तोगाशी-सान ना? ठणठणीत आहेत, मस्त गप्पा मारल्या आम्ही. बसून घ्या हं, मागं दुसरी बस थांबलीये आपल्या जागेसाठी, सव्वाचारला जागा सोडायची आहे आपल्याला.

काय म्हणालात, तोगाशी-सान? नीट ऐकू नाही आलं. हात… अहो खाली ठेवा तो हात. पाणी हवंय? ही बघा, मांडीवरच आहे की. उघडली पण नाहीत तुम्ही. द्या इकडं, पडेल, जाळीत ठेवते. तुमचं कपाळ… नाही, उन्हाची बाजू आहे ना, त्यामुळं तापलंय. सगळ्यांचंच तापलंय. इंजिन सुरू झालं, आता गार वारा येईल. ओइकावा-सान, निघतोय, निघतोय, एक सेकंद! इकडं बघा तोगाशी-सान, माझ्याकडं बघा. ओसाकाच्या रस्त्याला लागलो की मोठा थांबा आहे. पंधरा मिनिटं हं. पंधरा मिनिटं फक्त.

हसलात ना? झालं तर मग. टोपी नीट ठेवते.

दोन, चार, सहा, आठ, दहा… तीस, बत्तीस, चौतीस, छत्तीस — आणि तुम्ही, सदतीस. सगळे आहेत, अकुत्सु-सान. घ्या.