वहिनीची नजर आधी वर जाते

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, खनिज संशोधन केंद्रातली आजी-माजी मंडळी, आणि आज जिचा सत्कार आहे ती माझी वहिनी,

सर्वांना नमस्कार. नणंदेच्या हाती माइक देण्याचं धाडस संयोजकांनी केलं, त्याबद्दल त्यांचं कौतुक. घरचं माणूस आहे, चार गोड आठवणी सांगेल, असं त्यांना वाटलं असणार. सांगते की.

मानपत्रात आत्ताच आपण ऐकलंत, ॲस्बेस्टॉसच्या दगडाचे कापसासारखे धागे सिमेंटमध्ये कालवून स्वस्त, हलके, न जळणारे पत्रे करायची रीत वहिनीनं इथं पहिल्यांदा बसवली. अगदी खरं आहे. कितीतरी घरांना त्यामुळे छप्पर मिळालं. मानपत्रात एवढंच राहिलं, की ते मिश्रण कालवायच्या शेडवर माझा दादा होता, म्हणजे वहिनीचा नवरा. बायकोच्या कामाचा त्याला इतका अभिमान, की चालून आलेली बदली त्यानं नाकारली. संध्याकाळी पांढराफटक होऊन घरी यायचा. वहिनी दारातच त्याचे केस झटकायची आणि म्हणायची, "आत्ताच म्हातारा दिसायला लागलास." म्हातारा व्हायची वेळ त्याच्यावर आलीच नाही.

दादा खोकून खोकून गेला. त्याच्या फुप्फुसात काय साचलं होतं, ते वहिनीनं डॉक्टरांकडून मागून घेऊन स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ओळखायला तिला वेळ लागला नाही. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तिला स्वतःचा जेवढा आला, तेवढा मला येणं शक्यच नव्हतं.

मग तिनं पत्र्यांविरुद्ध बोलायला सुरुवात केली, आणि आपल्यापैकी काहींनी तिच्या शेजारी बसून डबा खाणं सोडलं. असो. आज आनंदाचा दिवस आहे.

वहिनीकडे अजून कोरडा केर काढत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसतात. दादाची खुर्चीसुद्धा, रोज. जेवताना ती मधेच हात थांबवते. मी विचारते, "काय गं?" म्हणते, "थांबला आता खोकला." घरात आम्ही दोघीच असतो. आधी मला भीती वाटायची. हल्ली मीही घास हातात धरून थांबते.

माझी नात झाली तेव्हा सगळे पाळण्यात डोकावत होते आणि ही छताकडे बघत होती. मग म्हणाली, "बाळ गोड आहे. घर बदला." सूनबाई हसली, पण घर बदललं.

आज या सभागृहात शिरतानाही तिनं आधी वर पाहिलं. आपणही पाहा ना. हे तिचेच पत्रे, पहिल्या खेपेचे. मधला तडकलाय. याच छताखाली, भिंतीपलीकडे, आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर आहे. भेट काय देऊ, असं संयोजकांनी विचारलं, तेव्हा वहिनीनं एकच मागितलं: हे पत्रे नीट भिजवून, जाणत्या माणसांकडून उतरवून घ्या. तिला मानचिन्ह मिळालं. छान आहे. पण अध्यक्ष महोदय, पत्र्यांचं उत्तर मला आज, सगळ्यांसमोर हवंय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही अधिक-उणं बोलले असेन, तर नणंदेची जीभ म्हणून सोडून द्या. फक्त कृपा करून टाळ्या वाजवू नका. मघाशी मानपत्रानंतर आपण खूप टाळ्या वाजवल्यात आणि वहिनी मान खाली घालून बसली. आपल्याला तो विनय वाटला. ती टेबलावर वरून काय पडलं ते बघत होती.