शेजारच्या सीटवरचे प्लास्टिक

जबाब देणार: अपघातातील गाडीच्या मालकाची पत्नी, गल्लीत सगळ्यांची ताई, वय सत्तेचाळीस, धंदा शिवणकाम, म्हणजे पडदे, गाद्यांच्या खोळी व गाड्यांच्या सीटची कव्हरे, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला.

समक्ष हजर होऊन सांगते ती हकीकत अशी की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती विमा कंपनीत नोकरीस आहेत. मुलगी लग्न होऊन गेली. गॅरेज चालवणारा बारक्या हा माझा सख्खा धाकटा भाऊ. काल सकाळपासून त्याला इथे बसवून ठेवले आहे. त्याने टायर चुकीचे बसवले म्हणून चाक फुटले आणि अपघाताच्या वेळी आपण गाडीत एकटेच होतो, असे पतींनी लिहून दिले आहे. यातली एकही गोष्ट खरी नाही. म्हणून मी आपण होऊन आले आहे, मला कोणी बोलावलेले नाही.

गाडी दोन सीटची, लहान, लाल, शर्यतीच्या धाटणीची आहे. पतींनी ती मागच्या वर्षी जुनी घेतली. आली तशी बरी होती, पण पतींच्या मनात भरेना. चाके बारीक दिसतात, गाडी उंटासारखी उभी राहते, असे त्यांचे म्हणणे. बारक्याच्या मागे लागून त्यांनी रुंद टायर घालून घेतले व आखूड स्प्रिंगा बसवून गाडी खाली घेतली. बारक्या म्हणाला होता, "दाजी, दोन्ही एकदम करायचं तर मागच्या मडगार्डची आतली कड वळवावी लागेल. नाहीतर टायर तिथे घासणार." पती हो म्हणाले.

बारक्याने आधी चालकाच्या बाजूची कड तापवून आत वळवली. तिथे रंगाला केसाएवढी चीर गेली. ती बघून पतींनी गॅरेज डोक्यावर घेतले आणि दुसऱ्या बाजूला हात लावू दिला नाही. सीटची कव्हरे चढवायला मी तेव्हा तिथेच होते. बारक्याने मला शेजारच्या सीटवर बसायला सांगितले आणि त्या बाजूचे मागचे चाक आणि कड यांच्यामध्ये बोट घालून पाहिले. माझ्या वजनाने गाडी तिकडे दबली होती, बोट जाईना. तो म्हणाला, "बघा दाजी, गाडी उभी आहे तर ही गत. खड्ड्यात नाहीतर वळणावर ही कड टायर कापून काढेल. तशीच ठेवायची असेल तर या बाजूला कोणाला बसवू नका." त्यावर पती म्हणाले, "मग सोपं आहे. हिला उतरवा." सगळे हसले. मीही हसले. त्या गाडीत मी बसले ती तेवढीच.

पतींनी तो शब्द पाळला, निदान माझ्या बाबतीत. मुलीकडे जायचे तर ते गाडीने पुढे आणि मी बसने मागून. सासूबाईंना दवाखान्यात हलवले तेव्हाही मी त्यांना भाड्याच्या गाडीत घालून नेले व पती आपल्या गाडीतून मागे आले. शेजारणी विचारत, दारात एवढी गाडी असून तू बस कसली धरतेस? मी सांगत असे, टायर घासतो. आपल्याला गाडीतले कळते, असा मला तेव्हा अभिमान वाटायचा. आता त्याची चीड येते. हे लिहायचे का, असे हवालदारांनी विचारले. लिहा म्हटले.

शेजारची सीट मळू नये म्हणून पतींनी तिच्यावर प्लास्टिक घालून मागितले. तेही मीच शिवले. त्याला खालून चार हूक आहेत. मागच्या कोपऱ्यातला हूक आधी सोडावा लागतो, नाहीतर प्लास्टिक फाटते. हे शिवणारीला माहीत, किंवा नेहमी काढणाऱ्याला.

परवा पती कामावर जातो म्हणून निघाले. दुपारी गोदामांच्या रस्त्यावर, वळणावर, शेजारच्या बाजूचे मागचे चाक फुटले आणि गाडी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याच्या टपरीत घुसली. त्याचा पाय मोडला आहे. तो रस्ता पतींच्या ऑफिसकडे जात नाही.

आज सकाळी ठाण्याच्या आवारात मी गाडी पाहिली. हवालदार सोबत होते. फुटलेला टायर रस्त्याला टेकतो तिथे शाबूत आहे. बाहेरच्या अंगाने, मडगार्डची कड येते नेमका तिथे तो गोल कापला गेला आहे. चालकाच्या बाजूच्या टायरला ओरखडाही नाही. सीटवर प्लास्टिक नव्हते. नीट घडी करून सीटमागे ठेवलेले होते, कुठेही फाटलेले नाही.

सीटवर सामान असेल, असे हवालदार म्हणाले. मी म्हटले, सामान ठेवायला कोणी प्लास्टिक काढत नाही, उलट घालतात. त्या दिवसापुरते काढले असेल, असेही ते म्हणाले. मग मी त्यांना हूक दाखवले. मी लावले तेव्हा ते नखाने उघडत नव्हते. आता चारही सैल पडून वाकले आहेत. एकदा काढून हूक असे होत नाहीत.

शेजारच्या सीटवर कोणीतरी बसत होते. कोण, ते मला माहीत नाही आणि मला विचारू नये. बारक्याने माझ्यादेखत बजावले होते, तरीही पतींनी बसवले. यात बारक्याचा दोष नाही. हवालदार म्हणाले, "ताई, घरातली गोष्ट आहे. कागदावर आली की चारचौघांत जाईल. टायर घासत होता, एवढंच लिहू का?" मी म्हटले, "तेवढंच लिहिलं तर माझा भाऊ आत जाईल. पूर्ण लिहा." लग्न झाल्यापासून पतींच्या विरुद्ध मी कुठे तोंड उघडलेले नाही, हेही लिहावे.

जबाब मोठ्याने वाचावा व खोलीचे दार उघडे ठेवावे, अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे वाचला. शेजारच्या सीटवर कोणीतरी बसत होते, हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावले. बाहेर बाकावर पती बसलेले आहेत. मजकूर मी सांगितला तसाच आहे.